शेवटचे कडवे गाळू नका!

यंदाच्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील एका गावी आम्ही कार्यक्रमाला गेलो होतो. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू होता. पहाटे जंगलात जाऊन दुपारी पानांचे पुडे बांधणाऱ्या आमच्या माता-भगिनी संध्याकाळी पांढरी वस्त्रे नेसून विहाराच्या पटांगणात आल्या होत्या. वंदना झाली, खिरीचे वाटप झाले, आणि मग सातवी-आठवीतल्या दोन मुली माईकसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी एक भीमगीत म्हटले. आवाज गोड, ताल पक्का. टाळ्या पडल्या.

आम्ही त्यांना जवळ बोलावून विचारले, "बाळांनो, हे गाणे कोणाचे?"

एक म्हणाली, "मोबाईलवरचं." दुसरीने एका प्रसिद्ध गायकाचे नाव सांगितले.

तेवढ्यात मागे बसलेल्या एक आजी बोलल्या, "पोरी, गाणं पुरं कुठी झालं? नाव त रायलंच ना!" आणि बसल्या जागेवरून त्यांनी शेवटचे कडवे म्हटले. त्या कडव्यात 'वामन' हे नाव होते. मुलींनी ते कडवे कधी ऐकलेच नव्हते.

आजींनी उभा जन्म विड्या वळल्या. शाळेची पायरी त्या चढलेल्या नाहीत. पण गाण्याचा धनी कोण, हे त्या पटांगणात फक्त त्यांनाच माहीत होते. त्या रात्रीपासून ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. म्हणून या आठवड्यात कौटुंबिक पानावर आम्ही लोककवी वामनदादा कर्डक यांच्याविषयी लिहीत आहोत.

गाणारा कवी असतो काय?

अमेरिकेत जिम मॉरिसन नावाचा एक गायक होऊन गेला. गिटार आणि ड्रमच्या दणक्यावर गायचे जे रॉक संगीत म्हणतात, त्यातला तो मोठा गडी. 'द डोअर्स' हा त्याचा संच. तो कविताही लिहीत असे आणि त्याची कवितेची पुस्तके निघाली. ३ जुलै १९७१ रोजी पॅरिस शहरात अवघ्या २७ व्या वर्षी तो वारला. त्याच्या कबरीवर आजही देशोदेशीची तरुण मुले फुले ठेवतात. तो नुसता गायक होता की कवीही होता, यावर तिकडे अजून चर्चा चालते.

पुढे २०१६ साली बॉब डिलन या गाणी लिहिणाऱ्या, गाणाऱ्या माणसाला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा तर जगभर वाद झाला. गाण्याला साहित्य म्हणावे काय? पेटीवर, गिटारवर म्हटलेली ओळ आणि पुस्तकात छापलेली ओळ एका तराजूत तोलावी काय?

वाचकहो, हा वाद आपल्या वस्तीला नवा नाही. मोठमोठ्या साहित्यिकांनी आपल्या गायकांना कित्येक वर्षे 'प्रचारक' म्हणून दाराबाहेर उभे केले. पण वस्तीने मात्र कधी शंका घेतली नाही. ज्याच्या ओळी रोवणीच्या बांधीत, विडीच्या सुपाशी, पाळण्याजवळ आणि मोर्च्यात म्हटल्या जातात, तो कवी नाही तर कोण?

एका पत्राने घडवलेला माणूस

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी झाला. घरची गरिबी. शाळा नशिबी आली नाही. पोटासाठी आईबरोबर मुंबई गाठली आणि शिवडीच्या बीडीडी चाळीत बिऱ्हाड झाले. आई गिरणीत कामाला जाई. वामन मिळेल ती मजुरी करी. सिनेमात नट व्हावे असेही त्या वयात मनात होते, म्हणून स्टुडिओच्या दारात चकरा मारून गर्दीतली कामेही केली. चाळीतच समता सैनिक दलाशी संबंध आला आणि तरुण वामन दलाचा सैनिक झाला.

याच चाळीतला एक प्रसंग प्रत्येक आईबापाने मुलांना सांगावा असा आहे. एका माणसाने पत्र आणले आणि वामनला म्हणाला, एवढे वाचून दाखव. धडधाकट, नीटनेटका तरुण, त्याला वाचता येत असणार असे त्या माणसाला वाटले. वामनला एक अक्षर येत नव्हते. त्याला इतकी लाज वाटली की रडू कोसळले. चाळीत देहलवी नावाचे एक मास्तर होते. त्यांनी त्याला बाराखडी शिकवायला घेतले. विशीतला तो तरुण लहान मुलासारखा अक्षरे गिरवू लागला. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या लावून लावून वाचू लागला. शाळा म्हणाल तर हीच.

अशा माणसाने ३ मे १९४३ रोजी आपले पहिले गाणे रचले. एका हिंदी सिनेमाच्या गाण्याचे ते विडंबन होते. लोक हसले, त्यांना ते आवडले. आपल्याला शब्द जुळवता येतात, हे वामनला त्या दिवशी कळले. तेव्हापासून मरेपर्यंत, म्हणजे १५ मे २००४ पर्यंत, सुमारे साठ वर्षे हा माणूस लिहीत आणि गात राहिला. त्यांच्या गाण्यांची संख्या दहा हजारांच्या घरात जाईल, असे त्यांचे चाहते सांगतात.

विचार करा. एक पत्र वाचता आले नाही म्हणून रडलेला मुलगा पुढे लाखो न वाचणाऱ्यांसाठी बाबासाहेबांचा विचार गाण्यातून पोचवणारा टपालवाला झाला!

सुखाचा संसार त्यांच्या वाट्याला आला नाही. पहिला संसार मोडला, पोटची लेक गेली. पुढे शांताबाईंची साथ मिळाली. तरी त्यांचे खरे घर म्हणजे वाट. खांद्याला पिशवी, पिशवीत वह्या, आणि आज या गावी तर उद्या त्या गावी. ज्या वस्तीत कार्यक्रम त्याच वस्तीतल्या कोणाच्या तरी घरी भाकरी खायची आणि तिथेच पथारी टाकायची. बिदागीवर बंगला बांधणाऱ्यांतले ते नव्हते.

चाल ओळखीची, शब्द नवे

आंबेडकरी चळवळीत गाण्याची परंपरा वामनदादांच्या आधीपासूनची आहे. १९३० च्या दशकात शाहीर भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी जलसे उभे केले. (आडनाव एकच म्हणून आपल्याकडे या दोघांची पुष्कळदा गल्लत होते. भीमराव जलशाचे, वामनदादा पुढच्या पिढीचे गीतकार.) आपली दहा भाषणे एका बाजूला आणि शाहिरांचा एक जलसा एका बाजूला, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार जुनी माणसे नेहमी सांगतात.

त्यामागचे कारण साधे आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर बंद होते, त्याच्याकडे वर्तमानपत्र कसे पोचणार? गाणे मात्र कानातून शिरते आणि जिभेवर बसते. वामनदादांनी हे ओळखले होते. ओवी, लावणी, पोवाडा, गझल, कव्वाली, सिनेमाची चाल, काहीही त्यांनी वर्ज्य मानले नाही. लोकांना चाल आधीच पाठ असे, नवे शिकायचे ते फक्त शब्द. आणि शब्दही कसे, तर रोजच्या बोलण्यातले. अवघड शब्द घालून मोठेपणा मिरवण्याची त्यांना गरज पडली नाही.

त्यांची लेखणी फक्त जयघोषात अडकली नाही, हेही लक्षात घ्यावे. देशातल्या धनवंतांची नावे घेऊन 'आमचा वाटा कुठे आहे' असा जाब विचारणारे गाणे त्यांनी लिहिले. बाबासाहेबांच्या मागे खऱ्या अर्थाने चालणारी माणसे किती, असा आरसाही त्यांनी आपल्यालाच दाखवला. पुढाऱ्यांना ती गाणी झोंबत. तरीही लोक पुन्हा पुन्हा तीच गाणी मागत. मराठी सिनेमालाही त्यांचे गीत घ्यावे लागले. १९५९ सालच्या गाजलेल्या 'सांगते ऐका' या चित्रपटात त्यांचे गाणे आहे.

आमच्या भागात गाणे कसे रुजले?

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी आपण भंडाऱ्यातच होतो. १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून बाबासाहेब लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि त्यांचा पराभव झाला. ती सल आमच्या वाडवडिलांच्या मनात होती. पुढे दोनच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. कोणी रेल्वेने गेले, कोणी बैलगाडीने, कोणी पायी. परतताना ते बावीस प्रतिज्ञा घेऊन आले.

पण घरी आल्यावर एक अडचण उभी राहिली, तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. देव्हारे रिकामे झाले, तशी बायकांच्या तोंडची गाणीही रिकामी झाली. बारशाला काय म्हणायचे? लग्नात काय म्हणायचे? जात्यावर, रोवणीला, मयताच्या रात्री काय म्हणायचे? जुन्या गाण्यात जुने देव होते. नव्या धम्माला नवे गाणे हवे होते, आणि ते लगेच हवे होते.

ही पोकळी आपल्या कवी-गायकांनी भरून काढली. विदर्भात नागोराव पाटणकर यांच्यासारख्या गायकांनी रात्री जागवल्या. आपली झाडीपट्टी तर आधीच गाण्या-नाचण्याची. दिवाळीनंतर मंडई भरायची, दंडार आणि खडी गंमत व्हायची. त्याच मातीत बुद्ध-भीमगीतांची दुय्यम कव्वाली रुजली. एका मंचावर एक पार्टी, समोर दुसरी पार्टी, मध्ये पेट्रोमॅक्स, खाली बोऱ्या अंथरलेल्या. एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातच जबाब द्यायचा. धान निघालेल्या बांधीत पहाटेपर्यंत लोक हलत नसत. या पार्ट्यांच्या वह्यांत वामनदादांची गाणी उतरवलेली असत. एका गावच्या गायकाने दुसऱ्या गावच्या गायकाकडून उतरवून घ्यायची, तिसऱ्याने त्याच्याकडून. छापखाना नव्हता, पण गाणे गोंदियापासून देवरीपर्यंत पोचत होते.

आणि बायका ती गाणी घरी आणत. सुपात तेंदूची पाने, जर्दा, दोरा आणि कात्री. हजार विड्यांमागे मजुरी, म्हणून हात थांबवायचे नाहीत. पण तोंड मोकळे असते. एकीने ओळ धरली की चार जणी झेलत. त्या विहारातल्या आजींचे पाठांतर असेच सुपाशी बसून झालेले आहे.

नाव शेवटी का येते?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वामनदादांच्या अनेक गाण्यांत शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव येते. ही जुनी रीत आहे. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या कबीरांच्या दोह्यात कबीरांचे नाव येते. चोखोबांच्या अभंगात चोखोबांचे येते. याला नाममुद्रा म्हणतात.

ही रीत गरिबांनी का जपली? कारण गरिबाच्या कवितेला दुसरा पुरावा नसतो. त्याचे पुस्तक निघत नाही, निघाले तर दुकानात मिळत नाही. गाणे तोंडोतोंडी जाणार, गावोगावी जाणार, मग ते कोणाचे हे कळणार कसे? म्हणून कवी आपले नाव गाण्याच्या पोटातच शिवून टाकतो, आई जशी मुलाच्या कमरेच्या करगोट्यात गाठ मारून ठेवते तशी. गाणे गेले तर नावही गेले, आणि गाणे राहिले तर नावही राहिले.

पण झाले काय? कॅसेट आल्या. एका बाजूला ठरावीक गाणी बसवायची तर कडवी कमी करा. पुढे डीजे आला, त्याला तर मुखडा आणि ठोका एवढेच पुरते. मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. आणि प्रत्येक वेळी कात्री लागते ती शेवटच्या कडव्याला. नेमके ज्यात कवीचे नाव आहे त्यालाच!

आम्हाला गायकांवर राग धरायचा नाही. प्रल्हाद शिंदे, श्रावण यशवंते यांच्यासारख्या गायकांच्या गळ्यामुळे भीमगीत घराघरांत पोचले, हे कोण विसरेल? पण गाणाऱ्याचे नाव पोस्टरवर मोठ्या अक्षरात आणि लिहिणाऱ्याचे कुठेच नाही, हा न्याय नव्हे. आपण ज्या समाजातून आलो त्याच्या कष्टावर दुसऱ्याचे नाव लागत आले. धरणे आपण बांधली, नाव दुसऱ्याचे. वाडे आपण उभारले, नाव दुसऱ्याचे. आता आपल्याच विहारात आपल्याच कवीचे नाव आपल्याच हाताने पुसायचे काय?

पुस्तकेही आहेत, हे माहीत आहे काय?

वामनदादा केवळ मंचावरचे नव्हते. 'वाटचाल' हा त्यांचा गीतसंग्रह १९७३ साली आला, 'मोहळ' १९७६ साली, 'हे गीत वामनाचे' १९७७ साली. 'माझ्या जीवनाचं गाणं' या नावाने त्यांनी आपली जीवनकथाही लिहिली. १९९३ साली वर्ध्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना देण्यात आले. पत्र वाचता न आलेला तरुण साहित्य संमेलनाचा अध्यक्ष! मुक्ताईनगरचे कवी प्रतापसिंग बोदडे यांच्यासारख्यांनी त्यांना गुरू मानले आणि ती परंपरा पुढे चालवली. २०२२ साली त्यांची जन्मशताब्दीही होऊन गेली.

तरीही आपल्या किती घरांत यातले एक पुस्तक आहे? भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, तथागतांची मूर्ती आहे, टीव्ही आहे, मोठा स्पीकर आहे. पुस्तकाच्या फळीवर मात्र शाळेची पुस्तके सोडली तर काही नसते. ज्या माणसाने पाट्या वाचून वाचून अक्षर कमावले, त्याला वंदन करायचे तर आधी वाचायला हवे.

आपल्या हातात काय आहे?

सरकारने स्मारक करावे, विद्यापीठाने संशोधन करावे, ही मागणी रास्तच आहे. पण काही गोष्टींना सरकार लागत नाही.

विहारात गाणे म्हणाल तेव्हा शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणा. वेळ कमी असेल तर मधले एखादे कडवे सोडा, शेवटचे सोडू नका.

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलांनी गायकाच्या नावाबरोबर कवीचे नाव सांगावे. माहीत नसेल तर वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

३ मे, १५ मे आणि १५ ऑगस्ट या तीन तारखा घरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवाव्यात. ३ मेला त्यांनी पहिले गाणे लिहिले. १५ मे हा त्यांचा स्मृतिदिन. १५ ऑगस्टला झेंडावंदन करून घरी आलेल्या मुलांना सांगावे की आज वामनदादांचाही जन्मदिवस आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. आपापल्या गावच्या गायन पार्ट्यांच्या वह्या शोधा. तिरोड्याला, आमगावला, सालेकशाला, गोरेगावला, सडक अर्जुनीला, प्रत्येक वस्तीत कोणीतरी पेटीवाला होता, कोणीतरी जागेवर गाणे रचणारा होता. त्यांच्या वह्या पेटाऱ्यात, माळ्यावर, धानाच्या कोठीमागे पडल्या आहेत. वाळवी लागायच्या आधी, रद्दीवाला यायच्या आधी त्या बाहेर काढा. शाळेतल्या मुलांकडून चांगल्या अक्षरात उतरवून घ्या. कोणते गाणे वामनदादांचे, कोणते पाटणकरांचे आणि कोणते आपल्याच गावच्या आजोबांचे, हे त्यावर लिहा. वामनदादांना लोकांनी जपले. आपल्या गावच्या कवीला मात्र आपल्याशिवाय दुसरे कोणीच नाही.

माता-भगिनींनो, यात तुमचे काम मोठे आहे. वही हरवली तरी गाणे तुमच्या तोंडात असते. नातींना जवळ बसवा आणि सांगा.

त्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री आम्ही निघायला उठलो, तेव्हा त्या दोन मुलींपैकी एक वही-पेन घेऊन आजींच्या पुढ्यात बसली होती. आजी एकेक ओळ सांगत होत्या आणि ती लिहीत होती. लिहून झाल्यावर आजींनी विचारले, "यात 'वामन' कुठी हाय? दाखव बरं." मुलीने बोट ठेवले. विड्या वळून वळून जून झालेल्या आपल्या बोटाने आजींनी त्या तीन अक्षरांवरून हात फिरवला. "असं दिसते काय!" म्हणाल्या.

पंचाहत्तरीतल्या त्या माउलीने ते नाव आयुष्यभर म्हटले होते. पाहिले मात्र त्या रात्री पहिल्यांदाच. आपल्या घरात ही वेळ कोणावर येऊ नये, एवढीच आमची विनंती.

जयभीम!